गारिंचा : वाकड्या पायांचा जादूगार आणि त्याचा गुडघा



फुटबॉल म्हटलं की आपल्या मुलांना मेस्सी, रोनाल्डो, फार तर पेले आठवतो. पेलेच्याच संघात, पेलेच्याच काळात आणखी एक खेळाडू होता. ब्राझीलमधल्या जुन्या लोकांना विचारलं तर ते पेलेविषयी आदराने बोलतात आणि या दुसऱ्याविषयी प्रेमाने. त्याचं नाव गारिंचा. वर्गात खेळाडूंची चरित्रं सांगताना हे नाव सहसा येत नाही. त्याचं शेवटचं आयुष्य फार दुःखाचं गेलं, म्हणून मुलांना काय सांगायचं असं वाटत असावं. मला मात्र ते सांगावंसं वाटतं, विशेषतः त्याच्या गुडघ्याची गोष्ट.

मॅन्युएल फ्रान्सिस्को दोस सांतोस हे त्याचं खरं नाव. जन्म 28 ऑक्टोबर 1933 चा, रिओ दी जानेरो राज्यातल्या माजे भागातलं पाउ ग्रांदी हे गाव. गाव कसलं, एका कापडगिरणीची वसाहतच. घरं गिरणीची, मैदान गिरणीचं, फुटबॉलचा संघही गिरणीचाच. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. वडील त्याच गिरणीत राखणदार होते आणि त्यांना दारूचं व्यसन होतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे.

लहानपणी हा पोरगा इतका किरकोळ होता की त्याच्या बहिणीने त्याला गारिंचा म्हणायला सुरुवात केली. गारिंचा म्हणजे चिमणीहूनही लहान, तपकिरी रंगाचा एक पक्षी. पुढे लोक त्याला लाडाने माने असंही म्हणू लागले. आपल्याकडचं आडनाव नव्हे बरं का, मॅन्युएल या नावाचं ते घरगुती रूप आहे, आणि तिकडे त्याला 'साधाभोळा माणूस' असाही अर्थ आहे. दोन्ही अर्थ त्याला लागू पडले.

आता त्याच्या पायांबद्दल. जन्मापासूनच त्याचे दोन्ही पाय वाकडे होते आणि तेही एकाच दिशेला. एक पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, तर दुसरा आतल्या बाजूला. समोरून पाहिलं तर वाऱ्याने दोन्ही काठ्या एकाच बाजूला झुकाव्यात तसे. शिवाय एक पाय दुसऱ्यापेक्षा सुमारे 6 सेंटिमीटर आखूड आणि पाठीचा कणाही सरळ नव्हता. असा मुलगा आज आपल्या शाळेत आला तर आपण काय करू? प्रामाणिकपणे सांगायचं तर पी.टी.च्या तासाला त्याला झाडाखाली बसवू आणि धावसंख्या लिहायला देऊ. पाउ ग्रांदीत कुणी त्याला बसवलं नाही. तिथे तो अनवाणी खेळला, ओढ्यात पोहला, रानात पाखरांच्या मागे फिरला. चौदाव्या वर्षी गिरणीत कामाला लागला. कामगार म्हणून तो आळशी आणि बेभरवशाचा होता. पण गिरणीच्या संघाला तो हवा होता, त्यामुळे नोकरी टिकली.

रिओच्या मोठ्या क्लबांत नशीब आजमावायची त्याला फारशी घाई नव्हती. 1950 साली ब्राझील आपल्याच देशात विश्वचषकाचा निर्णायक सामना उरुग्वेकडून हरला आणि सगळा देश रडला. त्या दिवशी हा मासे पकडायला गेला होता, असं सांगतात. एका क्लबात बूट नाहीत म्हणून त्याला परत पाठवलं, दुसरीकडे गावची शेवटची गाडी चुकेल म्हणून तो स्वतःच चाचणी अर्धवट सोडून निघाला, अशाही गोष्टी आहेत. शेवटी 1953 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो बोताफोगो या क्लबाच्या चाचणीला उभा राहिला. तोवर त्याचं लग्नही झालेलं होतं आणि तो बापही झाला होता. त्याला अडवायला समोर ठेवला होता निल्टन सांतोस, देशातला सर्वांत चांगला डावा बचावपटू. या वाकड्या पायांच्या पोराने त्याला पार चक्रावून सोडलं. चिडण्याऐवजी निल्टन सांतोसने क्लबाला सांगितलं, की ह्याला ताबडतोब घ्या, म्हणजे मला पुन्हा ह्याच्यासमोर खेळायची वेळ येणार नाही. इथून पुढे निल्टन त्याच्या मोठ्या भावासारखा राहिला. पहिल्याच अधिकृत सामन्यात, बोनसुसेसो संघाविरुद्ध, गारिंचाने तीन गोल केले.

त्याची चाल मुलांना समजावून सांगायची असेल तर मैदानावर करून दाखवावी लागते. तो उजव्या बाजूला, रेषेच्या अगदी जवळ खेळायचा. चेंडू पायाशी घेऊन बचावपटूच्या समोर चक्क थांबायचा. मग शरीर डावीकडे झुकवायचा, चेंडूला हातही लावायचा नाही, म्हणजे पायही. समोरचा डावीकडे गेला की हा उजवीकडून पसार. गंमत अशी, की तो जवळजवळ नेहमी उजवीकडूनच जायचा. सगळ्या देशाला ते माहीत होतं, समोरच्या बचावपटूलाही माहीत होतं, तरीही दर वेळी तो फसायचा. कधी कधी तर गडी हुकल्यावर हा परत फिरायचा आणि त्याला पुन्हा एकदा हुकवायचा. पेकाट मोडेपर्यंत लोक हसायचे. म्हणूनच त्याला 'लोकांचा आनंद' असं बिरुद मिळालं.

हे करताना शरीरात काय होतं ते इथेच बघून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. आपल्या गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन चकत्या असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. उडी मारली, वळलो, थांबलो की बसणारा हिसका त्या सोसतात. पाय सरळ असेल तर शरीराचं वजन गुडघ्यावर बऱ्यापैकी सारखं वाटलं जातं. पाय वाकडा असेल तर एकाच बाजूवर जास्त भार येतो, आणि एकीकडून झिजलेल्या चपलेसारखी तिथली कूर्चा आधी झिजते. त्यात गारिंचाचा खेळ कसला? एकदम थांबणं, एकदम सुटणं, उभ्या पायावर अंग पिळणं. म्हणजे ज्या पायांमुळे त्याची चाल कुणाला कळत नव्हती, तेच पाय प्रत्येक चालीला आपला गुडघा थोडा थोडा घासून घेत होते. भर म्हणून बचावपटूंच्या लाथा होत्याच. त्या काळी पिवळं-लाल कार्ड नव्हतं, आणि रेफ्रींनीही अशा खेळाडूंना फारसं संरक्षण दिलं नाही.

1958 चा विश्वचषक स्वीडनमध्ये होता. ब्राझील संघाबरोबर जोआओ कार्व्हालायस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी सगळ्या खेळाडूंची लेखी चाचणी घेतली. गारिंचाला 123 पैकी 38 गुण मिळाले. एवढ्या मोठ्या दडपणाच्या सामन्यांसाठी हा खेळाडू योग्य नाही, असा निष्कर्ष निघाला. सतरा वर्षांचा पेलेही त्यांच्या मते अजून पोरकट होता. आपण शिक्षक मंडळी आयुष्यभर गुणच देत असतो, म्हणून हा आकडा मला विसरता येत नाही. स्पर्धेपूर्वीच्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात, इटलीत फिओरेंतिनाविरुद्ध, गारिंचाने गोलरक्षकालाही हुकवलं आणि समोर मोकळं जाळं असताना चेंडू आत ढकलण्याऐवजी मागून धावत येणाऱ्या बचावपटूची वाट पाहिली. त्यालाही चकवलं आणि मगच गोल केला. प्रेक्षक खूश, प्रशिक्षक हवालदिल. पहिल्या दोन सामन्यांत त्याला बाहेर बसवलं.

तिसरा सामना सोव्हिएत संघाशी होता, 15 जून 1958, गोटेनबर्ग. त्या दिवशी गारिंचा आणि पेले दोघेही पहिल्यांदा विश्वचषकाच्या मैदानात उतरले. सुरुवात झाल्याबरोबर गारिंचाने उजवीकडून मुसंडी मारली आणि त्याचा फटका गोलच्या खांबाला लागला. लगेच पेलेचाही फटका गोलच्या चौकटीला. तिसऱ्या मिनिटाला वावाने गोल केला. या तीन मिनिटांविषयी फुटबॉलचे जाणकार आजही बोलतात. अंतिम सामन्यात स्वीडनने पहिला गोल केला, पण ब्राझीलचे पहिले दोन्ही गोल गारिंचाने उजवीकडून आत दिलेल्या चेंडूवर वावाने केले. 5-2 अशा फरकाने ब्राझील पहिल्यांदा जगज्जेता झाला. सगळे रडत होते आणि हा मात्र, परतीचे सामने कधी आहेत, असं विचारत होता म्हणे. त्याला वाटलं होतं, रिओच्या लीगसारख्या प्रत्येकाशी दोन लढती असतील.

चार वर्षांनी, 1962 मध्ये चिलीत, दुसऱ्याच सामन्यात पेले जायबंदी झाला. ब्राझीलचं आता संपलं असं सगळ्यांना वाटलं. तिथून पुढची स्पर्धा गारिंचाने जवळजवळ एकट्याने ओढली. उपउपांत्य फेरीत इंग्लंडविरुद्ध दोन गोल, त्यातला एक डोक्याने. (याच सामन्यात एक कुत्रा मैदानात घुसला होता. त्याने गारिंचालाही चकवलं. इंग्लंडच्या जिमी ग्रीव्हजने रांगत जाऊन त्याला पकडलं, आणि कुत्र्याने त्याच्या शर्टावर प्रसाद दिला. पुढे सोडतीत तो कुत्रा गारिंचालाच मिळाला आणि ब्राझीलला गेला. ही गोष्ट सांगितली की वर्ग जागा होतो.) उपांत्य फेरीत यजमान चिलीविरुद्ध पुन्हा दोन गोल. त्या सामन्यात सतत लाथा खाऊन शेवटी त्याने एकाला उलट लाथ मारली आणि मैदानाबाहेर घालवला गेला. पण वरपर्यंत हालचाली झाल्या आणि त्याला अंतिम सामना खेळायची परवानगी मिळाली. ते न्याय्य होतं असं मी म्हणणार नाही. चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध तो अंगात ताप असताना खेळला. ब्राझील 3-1 ने जिंकला. गारिंचा 28 वर्षांचा होता आणि त्या क्षणी जगातला सर्वांत मोठा फुटबॉलपटू होता.

त्याच वर्षी 15 डिसेंबरला माराकाना स्टेडियममध्ये बोताफोगोने फ्लामेंगोला 3-0 हरवून रिओची लीग जिंकली. तिन्ही गोलांमागे गारिंचाच होता. त्याच्या खऱ्या खेळाचा तो शेवटचा मोठा दिवस, असं म्हणायला हरकत नाही. यानंतर तो दहा वर्षं खेळत राहिला, पण गुडघा आधीच संपत आला होता.

म्हणजे नेमकं काय झालं? झिजलेल्या गुडघ्यात सूज येते, पाणी साचतं. अशा वेळी खरा उपाय एकच, विश्रांती. पण बोताफोगो क्लब लीग संपली की युरोपात, लॅटिन अमेरिकेत दौऱ्यावर जायचा आणि दर सामन्याचं मानधन घ्यायचा. गारिंचा संघात असेल तर ते मानधन जास्त, नसेल तर कमी. मग सामन्याआधी गुडघ्यातलं पाणी सुईने काढायचं, इंजेक्शन द्यायचं आणि मैदानात उतरवायचं. इंजेक्शनने वेदना थांबते, झीज थांबत नाही. उलट, दुखत नाही म्हणून माणूस त्या गुडघ्यावर आणखी जोर देतो. वेदना ही शरीराची तक्रारवही आहे. ती बंद करून ठेवली म्हणून तक्रार मिटत नाही.

त्याचा स्वतःचा दोष नव्हता का? होता. तो डॉक्टरांचं ऐकत नसे, व्यायाम टाळायचा, गावी जाऊन जुन्या दोस्तांबरोबर प्यायचा आणि दुखऱ्या गुडघ्याने गावच्या खडबडीत मैदानावर चकट्या खेळायचा. पण पैशाच्या बाबतीत तो इतका भोळा, की क्लबाचे करार कोरेच सही करून द्यायचा. रक्कम मागाहून क्लबच भरायचा. विश्वविजेता असूनही त्याला त्याच्या नावाच्या मानाने फार थोडं मिळत होतं. 1963 मध्ये त्याने पहिल्यांदा पैशासाठी क्लबाशी भांडण काढलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यालाच लोभी ठरवलं. याच सुमारास गायिका एल्झा सोआरेसशी त्याचे संबंध उघड झाले. घरी बायको आणि आठ मुली होत्या. लोकांनी एल्झाला घर फोडणारी म्हणून शिव्या दिल्या. गारिंचाचा खेळ उतरला तो तिच्यामुळे, असंही म्हटलं गेलं. गुडघ्याचं नाव कुणी घेतलं नाही. खरं तर त्या काळात त्याचा गुडघा नीट करून घ्यावा म्हणून त्याच्यामागे लागणारी एल्झाच होती.

1964 मध्ये शेवटी ऑपरेशन झालं, तेही क्लबाच्या मर्जीबाहेर, दुसऱ्या डॉक्टरांकडून. फाटलेली चकती काढून टाकली. तेव्हा हीच पद्धत होती. आज दुर्बिणीतून बारीक छेद घेऊन जमेल तेवढी चकती वाचवतात, कारण ती गेली की हाडावर हाड घासू लागतं, हे आता कळलंय. ऑपरेशनपेक्षाही नंतरचे महिने महत्त्वाचे असतात. मांडीचे स्नायू पुन्हा भरेपर्यंत रोज कंटाळवाणा व्यायाम करावा लागतो. नेमकं तेच त्याला जमणारं नव्हतं, आणि ते करून घ्यायला कुणी बसलंही नाही. वजन वाढलं, वेग गेला. डावीकडे झुकून उजवीकडे सुटायची ती चाल त्याला अजून येत होती, पण आता बचावपटू फसूनही मागून धावत येऊन त्याला गाठू लागले.

1966 च्या सुरुवातीला बोताफोगोने त्याला साओ पाउलोच्या कोरिंथियन्सला विकलं. बोताफोगोसाठी त्याने सुमारे 580 सामने खेळले होते आणि 230 च्या वर गोल केले होते. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या विश्वचषकासाठी त्याची निवड झाली. तो खेळायच्या स्थितीत नव्हता, पण त्याचं नाव अजून मोठं होतं. 12 जुलैला लिव्हरपूलमध्ये बल्गेरियाविरुद्ध पेलेने आणि गारिंचाने फ्री किकवर एकेक गोल केला. ब्राझीलसाठी ते दोघे एकत्र खेळलेला तो शेवटचा सामना. हे दोघे एकत्र मैदानात असताना ब्राझील एकदाही हरलेला नाही. तीन दिवसांनी पेले दुखापतीमुळे बाहेर होता आणि हंगेरीने ब्राझीलला 3-1 हरवलं. गारिंचाचा तो देशासाठीचा पन्नासावा आणि शेवटचा सामना. त्या पन्नासांतला एवढा एकच तो हरला.

पुढची वर्षं मी भरभर सांगतो. थोडे दिवस कोलंबियात, मग फ्लामेंगोत, शेवटी ओलारिया नावाच्या छोट्या क्लबात. प्रत्येक ठिकाणी पहिल्या सामन्याला गर्दी, नंतर निराशा. एप्रिल 1969 मध्ये तो चालवत असलेल्या गाडीला अपघात झाला आणि त्यात एल्झाची आई गेली. त्यानंतर तो पूर्णपणे दारूत बुडाला. वडिलांचं व्यसन मी सुरुवातीला सांगितलं होतं, ते यासाठी. घरात मारहाण होऊ लागली आणि पुढे एल्झाही त्याला सोडून गेली. मुलांना सांगताना हे लपवू नये असं माझं मत आहे. मोठ्या मुलांना तर नाहीच. खेळाडू म्हणून तो कितीही लाडका असला, तरी एल्झाने जे सोसलं ते सोसलंच.

19 डिसेंबर 1973 ला माराकानावर त्याच्यासाठी निरोपाचा सामना झाला. ब्राझीलचा संघ एका बाजूला, परदेशी खेळाडूंचा संघ दुसऱ्या बाजूला, आणि एक लाख तीस हजारांच्या आसपास लोक. हेतू एवढाच, की तिकिटांचे पैसे त्याला मिळावेत. चाळिशीचा, जाड झालेला गारिंचा थोडा वेळ खेळला. मग खेळ चालू असताना त्याला बाहेर बोलावलं, आणि तो मैदानाला फेरी मारून लोकांना हात करत निघून गेला. मिळालेले पैसे फार टिकले नाहीत. 1980 च्या कार्निव्हलमध्ये एका सांबा पथकाने त्याला सजवलेल्या रथावर बसवलं होतं. समोर सगळं शहर टाळ्या वाजवत होतं आणि हा औषधांच्या गुंगीत, कुठे बसलोय हेही नीट न कळल्यासारखा, खाली बघत होता. मी ते चित्र मुलांना दाखवत नाही.

20 जानेवारी 1983 ला रिओमधल्या एका रुग्णालयात तो गेला. यकृत निकामी झालं होतं. वय 49. आदल्या काही वर्षांत त्याला किती वेळा रुग्णालयात न्यावं लागलं याची मोजदाद नव्हती. त्याचं शव माराकाना स्टेडियममध्ये ठेवलं, आणि रात्रभर लोक रांगेने येत राहिले. ज्यांनी त्याला म्हातारपणी दारात उभं केलं नसतं, तेही आले असतील. दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाच्या गाडीवरून त्याला पाउ ग्रांदीकडे नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, पुलांवर लोक उभे होते. गाड्या अडकून पडल्या, म्हणून कित्येक जण उतरून चालत गेले. माजेमधल्या डोंगराखालच्या एका साध्या स्मशानभूमीत त्याला पुरलं, जिथून तो लहानपणी पाखरं पकडायला जायचा ते रान फार लांब नाही.

ब्राझीलची राजधानी ब्रासिलिया इथल्या मोठ्या स्टेडियमला आज त्याचं नाव आहे, माने गारिंचा. एल्झा सोआरेस पुढे खूप वर्षं गात राहिली, अगदी म्हातारपणीही तिच्या नव्या गाण्यांना तरुण पोरं गर्दी करायची. ती गेली 2022 साली, जानेवारीच्या 20 तारखेलाच.